स्टीव्ह अर्विन : मगरीवर प्रेम करणं म्हणजे काय?



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलं, की सर, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानांत हा टीव्हीवरचा मगरवाला कुठून आला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी आमचीच एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती आम्हाला फारशी शोभणारी नाही.

४ सप्टेंबर २००६ ला स्टीव्ह अर्विन गेला. त्या आठवड्यात एम. ए.च्या वर्गात आम्ही नीतिशास्त्र शिकवत होतो. बोलता बोलता आम्ही म्हणून गेलो, की या गृहस्थाने आयुष्यभर जनावरांशी दांडगाई केली, शेवटी एका जनावराने हिशेब चुकता केला. वर्ग हसला. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र हसला नाही. गावाकडचा होता, सुट्टीत घरी गेला की लोकांच्या घरांतले साप पकडून रानात सोडायचा. तो उभा राहून म्हणाला, "सर, तुम्ही त्याचा एक तरी कार्यक्रम पूर्ण पाहिलाय का?"

पाहिला नव्हता. चॅनेल बदलता बदलता तुकडे पाहिले होते. खाकी हाफपँट घातलेला एक माणूस, त्याचा आरडाओरडा, 'क्रायकी!' अशी आरोळी, खाली चिखलात तडफडणारी मगर. एवढ्या भांडवलावर आम्ही निकाल देऊन मोकळे झालो होतो. न वाचलेल्या पुस्तकाचं परीक्षण लिहिणाऱ्यांना आम्ही वर्गात नावं ठेवत असू, आणि इथे तेच केलं. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा त्याचे भाग पाहिले, त्याच्याविषयी मिळेल ते वाचलं. आज जे सांगणार आहोत ते त्या मुलाला उशिराने दिलेलं उत्तर आहे असं समजा.

चरित्र थोडक्यात. जन्म २२ फेब्रुवारी १९६२, मेलबर्नजवळ. वडील बॉब व्यवसायाने प्लंबर, पण जीव अडकलेला सरपटणाऱ्या प्राण्यांत. आई लिन प्रसूतिगृहात परिचारिका. १९७० मध्ये हे कुटुंब बिऱ्हाड हलवून क्वीन्सलँडमधल्या बिअरवा या गावी आलं आणि तिथे साप, सरडे, मगरींचं एक छोटं उद्यान सुरू केलं. सहाव्या वाढदिवसाला पोराला भेट काय, तर अजगर. नवव्या वर्षी वडिलांच्या देखरेखीखाली पहिली मगर धरली. पुढे सरकारच्या मगर-व्यवस्थापन योजनेत तो स्वयंसेवक म्हणून शिरला. वस्तीजवळ आलेल्या, 'उपद्रवी' ठरलेल्या मगरी गोळी न घालता जिवंत पकडायच्या आणि उद्यानात आणायच्या, हे काम. महिनोन्‌महिने नदीकाठी तंबू ठोकून, सोबत फक्त कुत्रा. हा काळ फारसा कुणी पाहिलेला नाही. आमच्या मते हा माणूस घडला तो इथे.

१९९१ मध्ये उद्यानाचा कारभार त्याच्याकडे आला. त्याच वर्षी तिथे फिरायला आलेली टेरी ही अमेरिकन तरुणी त्याला भेटली. १९९२ मध्ये लग्न झालं. लोक मधुचंद्राला महाबळेश्वरला जातात, हे दोघे मगर पकडायला गेले आणि जॉन स्टेन्टन या निर्मात्याने ते चित्रित केलं. त्यातून 'द क्रोकोडाइल हंटर' ही मालिका उभी राहिली. १९९६ पासून ती प्रसारित होऊ लागली आणि बघता बघता शंभराहून अधिक देशांत पोचली. आपल्याकडेही केबलवर ती आली, इथल्या मुलांनी ती तोंडाचा आ वासून पाहिली. १९९८ मध्ये त्या घरगुती उद्यानाचं नाव 'ऑस्ट्रेलिया झू' झालं.

आता त्या मालिकेत नवीन काय होतं ते पाहू. त्याआधीच्या वन्यजीवपटांत बहुधा निवेदक दिसत नसे. नुसता आवाज असे, शांत, सुसंस्कृत, जणू झाडामागून बोलणारा. प्राणी आपल्या जागी, माणूस आपल्या जागी, मध्ये दुर्बीण. अर्विनने ती दुर्बीण फेकून दिली. तो स्वतः चौकटीत शिरला. सापाची शेपटी धरून कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलू लागला, आणि बोलायचा काय, तर "केवढी सुंदर आहे ही!" हे तो कुणाविषयी म्हणत होता ते लक्षात घ्या. पांडा नाही, हत्तीचं पिल्लू नाही. ज्यांना पाहून लोक दगड उचलतात असे विषारी साप, आणि माणूस खाऊ शकणारी खाऱ्या पाण्यातली मगर. गोंडस प्राण्यावर प्रेम करायला कुणाच्या शिकवणीची गरज नसते. याने किळस आणि भीती यांच्या यादीतले प्राणी उचलले.

आपल्या परंपरेत 'भूतदया' हा शब्द आहे. फार चांगला शब्द, पण दया वरून खाली वाहते. गाईला घास, मुंग्यांना साखर, पक्ष्यांना पाणी. देणारा वर, घेणारा खाली. मगरीला दया दाखवायची कशी? ती तुमच्या दारात घास मागायला येत नाही. अर्विनकडे दया नव्हती, कौतुक होतं, आणि कौतुक खालून वर पाहतं. आमच्या वर्गातल्या त्या मुलाला जे दिसलं होतं आणि आम्हाला दिसलं नव्हतं, ते हे.

त्याचा युक्तिवादही सरळ होता. उपदेशाने कुणी बदलत नाही. लोकांना उत्साहाची लागण झाली पाहिजे. ज्याच्यावर प्रेम जडतं ते माणूस वाचवतो, आणि प्रेम जडायचं तर जवळ जावं लागतं. या साखळीतली पहिली कडी आम्हाला मान्य आहे. दुसरी बऱ्याच अंशी मान्य आहे. तिसरीपाशी आम्ही अडतो.

जवळ जाणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न २ जानेवारी २००४ ला उघडा पडला. त्या दिवशी आपल्याच प्राणिसंग्रहालयात, प्रेक्षकांसमोर, एका काखेत महिन्याभराचा मुलगा घेऊन अर्विनने दुसऱ्या हाताने जवळजवळ चार मीटरच्या मगरीला कोंबडी भरवली. जगभर गहजब झाला. त्याचं म्हणणं असं, की मूल पूर्ण सुरक्षित होतं, आपल्याला त्या मगरीची ओळख आहे. खटला झाला नाही, पण पुढे लहान मुलांना आणि प्रशिक्षण नसलेल्यांना मगरीच्या आवारात नेण्यावर क्वीन्सलँडमध्ये बंदी आली. बहुतेक टीकाकारांनी विचारलं, बाळाचं काय? आमचा प्रश्न वेगळा आहे, मगरीचं काय? त्या दृश्यात ती कोण होती? बापाच्या कौशल्याचा पुरावा. तिने झडप घातली नाही म्हणून तो शूर. तिने झडप घातली असती तर ती राक्षस ठरली असती आणि तिला मारलं गेलं असतं. म्हणजे ज्या प्राण्यावर प्रेम करायला हा माणूस जगाला शिकवत होता, त्यालाच तो एका डावात लावत होता, आणि त्या डावात मगरीच्या वाट्याला जिंकण्यासारखं काहीच नव्हतं.

तरीही मृत्यूनंतर त्याच्यावर जी टीका झाली तिच्याशी आम्ही सहमत नाही. आणि त्यात आमची वर्गातली शेरेबाजीही आली. जर्मेन ग्रीअर या मोठ्या स्त्रीवादी विदुषीने दुसऱ्याच दिवशी गार्डियनमध्ये लेख लिहिला. त्याचा रोख असा, की प्राण्यांनी अखेर त्याच्यावर सूड उगवला. आता वस्तुस्थिती पाहा. क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ बॅट रीफ इथे चित्रीकरण चाललं होतं. हवा खराब होती, मुख्य काम थांबलेलं, म्हणून हा आपल्या मुलीच्या कार्यक्रमासाठी काही साधी दृश्यं घ्यायला उथळ पाण्यात उतरला. समोर एक मोठा पाकट मासा. आपल्या कोकणातले लोक पाकट ओळखतात, शेपटीवरचा काटाही ओळखतात. अर्विनने त्याला धरलं नव्हतं, डिवचलं नव्हतं. तो नुसता वरून पोहत होता. माशाने शेपटी मारली, काटा छातीत गेला. आयुष्यभर मिठ्या मारणारा माणूस गेला तो न शिवता. कदाचित त्या माशाला वरची सावली शार्कची वाटली असेल. यात सूड कुठे आला? सूड घ्यायला अपराधाची आठवण लागते, योजना लागते. 'प्राण्याने सूड घेतला' म्हणताना आपण त्या प्राण्याला आपल्या नाटकातला एक पात्र करून टाकतो. अर्विनवर आक्षेप होता तो नेमका हाच. टीका करणाऱ्यांनी तीच चूक केली, आणि वर हसले. काही माथेफिरूंनी तर खरोखर सूड घेतला. पुढच्या दिवसांत किनाऱ्यांवर शेपट्या तोडलेले पाकट मेलेले सापडले. अर्विनच्याच संस्थेला लोकांना सांगावं लागलं, की बाबांनो, हे त्याला कधीच आवडलं नसतं.

आणखी एक बोलून टाकतो. शिकलेल्या लोकांना अर्विन आवडत नव्हता त्यामागे प्राणिप्रेमापेक्षा त्याचे उच्चार, त्याची हाफपँट आणि त्याचा मोठा आवाज यांचा हात जास्त होता. स्वतः त्या पंगतीत बसलो असल्याने हे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

मग खरी टीका कुठून येते? दोन ठिकाणांहून. एकाविषयी थोडक्यात सांगतो. उत्तर ऑस्ट्रेलियातले मगरतज्ज्ञ ग्रॅहम वेब आणि त्यांच्या विचाराचे लोक म्हणत, मगर टिकवायची तर तिच्यासोबत राहणाऱ्यांना तिच्यापासून काही मिळालं पाहिजे. कातड्याच्या शिकारीने ती जवळपास संपली होती. नॉर्दर्न टेरिटरीत १९७१ मध्ये संरक्षण मिळालं तेव्हा तीनेक हजार उरल्या असाव्यात, आज लाखाच्या घरात आहेत. तिथे रानातली अंडी गोळा करून मगरपालन केंद्रांना विकली जातात आणि जमिनीचे मालक असलेल्या आदिवासी समाजांना त्याचा मोबदला मिळतो. अर्विनला हे अजिबात मान्य नव्हतं. मगर मारून मगर वाचवणं ही त्याला भोंदूगिरी वाटे. हौशी शिकाऱ्यांना मगर मारू देण्याच्या प्रस्तावाविरुद्ध तो जोरात बोलला, आणि २००५ मध्ये केंद्र सरकारने तो प्रस्ताव फेटाळला. भावनेने आम्ही अर्विनकडे झुकतो. पण नीतिशास्त्राच्या माणसाने विचारायला हवं, की ऑस्ट्रेलिया झूमध्ये तिकीट होतं, हजारो प्रेक्षकांचं क्रोकोसियम होतं, अर्विनच्या बाहुल्या विकल्या जात होत्या, हा मगरीचा वापर नव्हता का? वेब कातडं विकू देत होते, अर्विन तिचं दर्शन विकत होता. मगरीच्या दृष्टीने यात मोठा फरक आहे, कबूल. पण मगरीला फक्त स्वतःसाठी मूल्य आहे, कशाचंही साधन म्हणून नाही, असं म्हणायचा अधिकार दोघांनाही नव्हता. आणि मगरीशेजारी राहणाऱ्या, तिच्या भीतीने जनावरं पाण्यावर न्यायला घाबरणाऱ्या माणसाला टीव्हीवरच्या कौतुकाचा काय उपयोग, या प्रश्नाला अर्विनकडे उत्तर नव्हतं.

दुसरी टीका आम्हाला अधिक खोल वाटते. ती अर्विनला उद्देशून लिहिलेली नाही, म्हणून तिच्यात राग नाही. व्हॅल प्लमवुड ही ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ. निसर्गावरच्या माणसाच्या मालकीच्या कल्पनेवर तिने भेदक लिहिलं आहे. फेब्रुवारी १९८५, पावसाळा. काकाडू अभयारण्यात ती एकटी छोट्या होडीतून फिरत होती. खाऱ्या पाण्यातल्या मगरीने होडीला धडका दिल्या. काठावरच्या झाडावर चढायचा प्रयत्न करत असताना मगरीने तिला धरलं आणि पाण्याखाली गरागरा फिरवलं. मगर आपलं भक्ष्य असंच बुडवते. हे एकदा नव्हे, तीनदा झालं. आणि बाई सुटली. फाटलेल्या पायाने तासन्‌तास सरपटत राहिली, तेव्हा कुठे मदत आली.

वाचल्यावर तिने पहिली गोष्ट कोणती सांगितली असेल? त्या मगरीला शोधून मारू नका. आपण तिच्या घरात शिरलो होतो. पुढे 'बीइंग प्रे' या निबंधात तिने मांडलं, की मगरीच्या जबड्यात असताना तिला प्रथम कळलं की जग ज्या रीतीने आपण 'आतून' पाहतो, आपण मध्यभागी आणि सगळं आपल्यासाठी, ते जग खरं नाही. आपण माणूस आहोत, आपल्याला नाव आहे, पदवी आहे, याच्याशी मगरीला काही देणंघेणं नाही. तिच्या लेखी आपण मांस आहोत. हे अपमानास्पद वाटतं. प्लमवुडला ते एक सत्य वाटलं, अन्नाच्या साखळीत आपलीही जागा आहे हे सत्य. वर्तमानपत्रांनी मात्र तिची गोष्ट 'राक्षसाच्या तावडीतून सुटलेली बाई' अशी छापली, आणि तिला वर्षानुवर्षं आपलीच गोष्ट परत मिळवायला झगडावं लागलं.

आता अर्विनची दृश्यं तिच्या शेजारी ठेवा. धोका त्याच्याकडेही आहे, रक्तही आहे, चावेही आहेत. पण शेवटी मगरीच्या पाठीवर बसलेला असतो तो माणूसच. तिचे डोळे बांधलेले, जबडा दोराने आवळलेला, आणि वर बसून हा तिचं सौंदर्य समजावून सांगतोय. कौतुक खालून वर पाहतं असं आम्ही मघाशी म्हणालो. त्याच्या नजरेत ते होतंच. पण त्याची बैठक उलटी होती. नजर भक्ताची, बैठक स्वाराची. प्रेक्षकांतली मुलं बोलणं विसरतात, बैठक लक्षात ठेवतात. आपल्याकडे हल्ली मोबाइलसमोर नाग गळ्यात घालणारे, त्याच्या फण्याशी खेळणारे तथाकथित सर्पमित्र दिसतात. दंश होऊन मेलेल्यांच्या बातम्याही आपण वाचतो. याचा सगळा दोष एका ऑस्ट्रेलियन माणसावर टाकणं अन्यायाचं होईल, आपल्याकडे गारुड्यांची परंपरा त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. पण 'जवळ जाणं' म्हणजे 'हात लावणं' हा अर्थ रूढ करण्यात त्याचा वाटा आहे, आणि तो लहान नाही.

एवढं बोलून थांबलो असतो तर व्याख्यान आमच्या सोयीचं झालं असतं. प्लमवुड बरोबर, अर्विन चूक, विद्वान जिंकले. पण त्याच्या आयुष्यातला एक भाग राहतो, आणि आम्हाला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

शेवटच्या वर्षांत अर्विन क्वीन्सलँड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांबरोबर काम करत होता. मगरी पकडण्यात त्याच्याइतका तरबेज माणूस त्यांना दुसरा मिळाला नसता. मगर पकडायची, तिच्या मानेमागे उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवायचं आणि सोडून द्यायची. तीन मगरींच्या बाबतीत मुद्दाम एक प्रयोग केला. पकडून हेलिकॉप्टरला टांगून त्यांना दूर नेलं आणि तिथे सोडलं. प्रश्न असा, की त्रासदायक मगर दूर नेऊन सोडली तर ती तिथेच राहते का? कारण 'मारू नका, दूर नेऊन सोडा' हाच तर दयाळू माणसांचा जगभरचा तोडगा. आपणही बिबट्यांच्या बाबतीत तेच करत आलो.

तिन्ही परत आल्या. त्यांतली एक केप यॉर्क द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरची होती, तिला पूर्व किनाऱ्यावर सोडलं होतं. तीन महिने ती तिथेच घुटमळत राहिली. मग निघाली आणि द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा घालून, समुद्रातून चारशेहून अधिक किलोमीटर पोहत, वीस दिवसांत आपल्या नदीवर हजर. हा शोधनिबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखकांच्या नावांत स्टीव्ह अर्विनचं नाव आहे. तोवर तो जाऊन वर्ष झालं होतं.

याचा अर्थ बघा. मगरीला पत्ता असतो. तिला घर असतं, घराची ओढ असते, आणि ती ओढ आपल्या दयेच्या नकाशात बसत नाही. तिला जिवंत ठेवून, हळुवार हातांनी, सर्वांत चांगल्या हेतूने दुसरीकडे नेऊन सोडलं, तरी ती म्हणते, ही माझी जागा नव्हे. प्लमवुडने जबड्यातून जे ओळखलं तेच या यंत्राने आकड्यांत सांगितलं. ते यंत्र बसवायला मगर धरून ठेवण्याच्या कामात तोच माणूस होता, ज्याला आम्ही दांडगट म्हणत होतो. मगर पकडून हलवणं हा ज्याच्या आयुष्याचा धंदा, त्याच्या मदतीने झालेल्या संशोधनाने त्या धंद्याच्या पायालाच हात घातला. किती विद्वानांनी आपल्या मूळ सिद्धांताला सुरुंग लावणाऱ्या प्रयोगात असं अंग झोकून दिलंय? आम्ही स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर सांगत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. टीव्हीच्या पैशातून अर्विन जमिनी विकत घेत होता, ऑस्ट्रेलियात आणि बाहेरही. बंगले बांधायला नव्हे, तशाच ठेवायला. याची दृश्यं होत नाहीत. रिकामी जमीन कॅमेऱ्याला कंटाळवाणी वाटते. त्याच्यानंतर केप यॉर्कमध्ये वेनलॉक नदीकाठी सुमारे १,३५,००० हेक्टरचं रान केंद्र सरकारच्या पैशातून त्याच्या नावे राखून ठेवलं गेलं. त्या जमिनीखाली बॉक्साइट आहे. खाणकंपनीचा डोळा तिच्यावर होता, त्याच्या कुटुंबाने वर्षानुवर्षं झुंज दिली आणि २०१३ मध्ये राज्य सरकारने त्या पट्ट्याला खाणीपासून संरक्षण दिलं. हे यश कशामुळे? वेनलॉक नदीतली जैवविविधता हे शास्त्रीय कारण झालंच. पण मगरीवर बसलेल्या त्या आरडाओरडा करणाऱ्या माणसाला लोक विसरले नव्हते, हेही कारण आहे. नुसत्या प्लमवुडच्या निबंधाने ती खाण थांबली असती असं आम्हाला वाटत नाही. निबंध लिहिण्यातच आयुष्य गेलेल्या माणसाला हे कबूल करायला जड जातं.

कुणी विचारेल, सर, मग तुमचा निकाल काय? कार्यक्रम आम्हाला अजूनही आवडत नाहीत. नातवंडांना दाखवायचे झाले तर आवाज चालू ठेवू आणि मगरीवर बसण्याचा भाग आला की बोलू, थांबवून विचारू, आता मगरीला काय वाटत असेल रे? त्या माणसाविषयीचं वर्गातलं आमचं वाक्य मात्र मागे घेतो. तो विद्यार्थी हे व्याख्यान ऐकत असेल तर त्याने ते ऐकावं एवढीच इच्छा.

वेनलॉक नदीवर मगरी पकडण्याचं काम अर्विनच्या मृत्यूनंतरही चालू राहिलं. त्याचं कुटुंब आणि विद्यापीठातले शास्त्रज्ञ तिथे जातात, सापळे लावतात, मगर धरतात, यंत्र बसवतात. कॅमेरेही सोबत असतात, आरडाओरडाही होतो. आणि यंत्र बसवून झालं की मगर जिथे धरली असेल त्याच काठावर तिला सोडतात.